आदिवासींच्या भाषा आणि हक्क : जिनिव्हात बोलून घरी काय पदरात पडतं?

पायवाट
नमस्कार मंडळी. प्रश्न जुनाच आहे, पण माझ्या ओळखीच्या एका लहान संस्थेत त्यावरून चांगलीच जुंपली आहे, म्हणून इथे मांडते. संस्था एका छोट्या आदिवासी समाजाची आहे. त्यांची भाषा बोलणारे बहुतेक सगळे पन्नाशीच्या पुढचे. (समाजाचं नाव लिहीत नाही, त्यांनीच तसं सांगितलंय. कृपया तर्कही लढवू नका.)

आदिवासींच्या हक्कांसाठी युनोची एक तज्ज्ञ यंत्रणा आहे. तिची बैठक दरवर्षी जुलैत जिनिव्हात भरते. एका गटाचं म्हणणं, तिथे दोघांना पाठवा, आपलं गाऱ्हाणं जगासमोर येऊ द्या. दुसरा गट म्हणतो, तेवढ्या पैशात मुलांचे भाषावर्ग वर्षभर चालतील.

माझा कल वर्गांकडे आहे. युनोच्या आदिवासी हक्कांच्या २००७ च्या जाहीरनाम्यात ४६ कलमं आहेत. १३वं म्हणतं, आपली भाषा जपायचा आणि पुढच्या पिढीला द्यायचा हक्क. १४वं म्हणतं, आपल्या भाषेत शिकवणाऱ्या आपल्या शाळा. वाचताना ऊर भरून येतो. त्याआधी १९९५ ते २००४ आणि मग २००५ ते २०१४ अशी आदिवासींची दोन दशकं साजरी झाली, २०१९ हे त्यांच्या भाषांचं वर्ष झालं, आता २०२२ ते २०३२ भाषांचं दशक चालू आहे. आणि ऐन दुसऱ्या दशकात, २०१० च्या जानेवारीत, अंदमानात बोआ सीनियर गेल्या आणि बो भाषा बोलणारं कुणी उरलं नाही.

तर या आंतरराष्ट्रीय व्यासपीठांवर जाऊन कुणाच्या पदरात खरंच काही पडलंय का? उदाहरणं हवीत, भाषणं नकोत. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

गोटीसोडा
जागा धरून ठेवतो. मुद्देसूद आणि खटपट्या दोघेही ऑनलाईन दिसतायत, धागा शंभरी गाठणार.

खटपट्या
बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. ठराव होतो, फोटो निघतो, पिसांचे मुकुट घातलेली माणसं पहिल्या पानावर येतात, दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या विमानात. वर्ग चालवा. विषय संपला.

मुद्देसूद
खटपट्या, तुमचा विषय नेहमी दोन ओळीत संपतो आणि मग तुम्हीच वीस प्रतिसाद देता. :-)

या लोकांना त्या इमारतीच्या आत शिरायलाच किती काळ लागला, ते आधी बघा. १९२३ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या हौडेनोसॉनी (इरोक्वॉय) लोकांचे एक प्रमुख, देस्काहे, कॅनडाची तक्रार घेऊन जिनिव्हाला राष्ट्रसंघाकडे, म्हणजे युनोच्या आधीच्या संघटनेकडे, गेले. स्वतःच्या राष्ट्राचा पासपोर्ट घेऊन. म्हणणं साधं होतं: आमचे तुमच्या राजाशी तह झालेत, आम्ही तुमची प्रजा नाही. इराण, आयर्लंड, पनामा, एस्टोनिया या देशांनी त्यांची बाजू ऐकली जावी म्हणून हालचाल केली. ब्रिटननं पडद्याआडून ती थांबवली. वर्षभर थांबूनही देस्काहेंना बोलू दिलं नाही. शेवटी त्यांनी जिनिव्हातल्या सामान्य नागरिकांसमोर भाषण केलं. तिकडे १९२४ मध्ये कॅनडानं त्यांची पारंपरिक परिषद बाजूला सारून निवडणुकीची परिषद बसवली. १९२५ मध्ये ते वारले. त्याच सुमारास माओरींचे नेते रातानाही न्यूझीलंडहून तिथे जाऊन हात हलवत परतले.

त्यानंतर दार उघडलं ते थेट १९७७ मध्ये. अमेरिका खंडातले आदिवासी प्रतिनिधी जिनिव्हातल्या परिषदेला मोठ्या संख्येनं आले. १९८२ मध्ये युनोनं कार्यगट नेमला आणि त्याची पहिली बैठक ९ ऑगस्टला झाली. आपण जो ९ ऑगस्टचा आदिवासी दिन साजरा करतो तो त्या बैठकीमुळे. त्या कार्यगटाची गंमत ही की तिथे कुणीही आदिवासी प्रतिनिधी येऊन बोलू शकत असे, संस्थेला युनोची मान्यता असो वा नसो. युनोत हे तोवर ऐकिवात नव्हतं. एरिका-इरीन दाएस या ग्रीक कायदेपंडित बाईंनी १९८४ पासून २००१ पर्यंत तो गट चालवला आणि जाहीरनाम्याचा मसुदा त्यातूनच निघाला.

म्हणजे त्या ४६ कलमांतली बरीचशी वाक्यं ज्यांचे हक्क आहेत त्यांनीच तिथे बसून भांडून लिहून घेतलेली आहेत. कढीभात म्हणून उडवून लावू नका.

आडवातिडवा
मुद्देसूद, इतिहास छान. पण पायवाट यांचा प्रश्न "पदरात काय" असा आहे, "आत कसे शिरले" असा नाही.

मी जरा उलटीकडून बघतो. १३ सप्टेंबर २००७ चं मतदान काढा. बाजूने १४४, तटस्थ ११, विरोधात फक्त ४: अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. आता सांगा, आदिवासी भाषेसाठी जगात सगळ्यात जास्त काम कुठल्या देशात झालं? पहिल्या दोन-तीन नावांत न्यूझीलंड घ्यावंच लागेल. १९७२ मध्ये माओरी तरुणांनी तीस हजारांवर सह्यांचा अर्ज संसदेत नेला. १९८२ मध्ये कोहांगा रेओ सुरू झाल्या, म्हणजे आज्या-आजोबांनी लहान मुलांशी दिवसभर माओरीतच बोलायचं अशा बालवाड्या. १९८७ मध्ये भाषेला अधिकृत दर्जा. सगळं जाहीरनाम्याच्या वीस वर्षं आधी. आणि हाच देश २००७ मध्ये "नाही" म्हणाला! (चौघांनीही नंतर २००९-१० मध्ये पाठिंबा दिला ही गोष्ट वेगळी.)

उलट बोलिव्हियानं जाहीरनामा त्याच वर्षी नोव्हेंबरात देशाचा कायदा करून टाकला, २००९ च्या राज्यघटनेत ३६ आदिवासी भाषांना अधिकृत मानलं. आणि २०११ मध्ये जंगलातून जाणाऱ्या रस्त्याच्या विरोधात आदिवासींचाच मोर्चा निघाला तर पोलिसांनी तो मारून मोडला. राष्ट्राध्यक्ष स्वतः आयमारा आदिवासी!

न्यूयॉर्कमध्ये कोण कुठे हात वर करतो आणि घरी काय करतो यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, एवढंच म्हणणं.

खटपट्या
आडवातिडवा, +१००. आयुष्यात पहिल्यांदा तुमच्याशी सहमत.

निमूट
वाचतेय. उत्तर युरोपातल्या सामी लोकांबद्दल कुणीतरी लिहा ना.

मुद्देसूद
निमूट, सामींचं उदाहरण दोन्ही बाजूंना लागू पडतं म्हणून मी ते राखून ठेवलं होतं.

नॉर्वेत आल्टा नदीवरच्या धरणाविरुद्ध १९७९ ते ८१ मोठं आंदोलन झालं. ओस्लोत संसदेसमोर उपोषण, नदीकाठी माणसांनी स्वतःला साखळ्यांनी बांधून घेतलं. धरण झालंच. पण जगात मानवाधिकारांचा पुकारा करणाऱ्या नॉर्वेची जी शोभा झाली, त्यातून १९८९ मध्ये सामी संसद उभी राहिली आणि १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा आदिवासी हक्कांचा १६९ क्रमांकाचा करार मान्य करणारा नॉर्वे जगातला पहिला देश ठरला. युनोचा आदिवासी प्रश्नांवरचा स्थायी मंच २००२ मध्ये सुरू झाला त्याचे पहिले अध्यक्षही सामी, ओले हेन्रिक मागा. पेशानं भाषाशास्त्रज्ञ, बरं का पायवाट.

आणि तरीही, फोसेनच्या पवनचक्क्यांमुळे रेनडिअर पाळणाऱ्या सामींच्या सांस्कृतिक हक्काचा भंग झाला असा निकाल नॉर्वेच्याच सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये दिला. पाचशे दिवस उलटले तरी पाती फिरतच होती. २०२३ मध्ये सामी तरुणांनी मंत्रालयाची दारं अडवली. पण त्या निकालाचा आधार काय होता? युनोच्या नागरी आणि राजकीय हक्क कराराचं २७वं कलम, अल्पसंख्याकांच्या संस्कृतीचं आणि भाषेचं. म्हणजे अगदीच काडीचा संबंध नाही असं नाही.

अनुवादिका
मी दुभाषी आहे, स्पॅनिश आणि इंग्रजी. अशा काही बैठकांत काचेच्या खोलीत बसून काम केलंय. आतून कसं दिसतं ते सांगते.

प्रत्येक वक्त्याला साधारण तीन मिनिटं. यादीत कधीकधी शंभराच्या वर नावं असतात. माणूस दोन दिवस प्रवास करून आलेला असतो, त्याचं नाव दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लागतं. तो उभा राहतो, आपल्या भाषेत पूर्वजांना वंदन करतो, नदीचं आणि डोंगराचं नाव घेतो. त्यात पाऊण मिनिट गेलेलं. मग लक्षात येतं की कागदावर अजून दोन पानं आहेत, आणि वेग असा वाढतो की माझ्या कानात शब्दांचा नुसता लोंढा. मायक्रोफोनवरचा दिवा लुकलुकायला लागतो. आणि ठरलेली गोष्ट: मुख्य मागणी शेवटच्या परिच्छेदात असते. माईक बंद होतो, ओठ हलताना दिसतात.

पायवाट, तुमची माणसं गेलीच तर मागणी पहिल्या वाक्यात ठेवायला सांगा. वंदन नंतर केलं तरी पूर्वज समजून घेतील.

दुसरं म्हणजे युनोच्या अधिकृत भाषा सहा: इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश, रशियन, चिनी, अरबी. भाषणं त्या सहांतच दुभाषित होतात. आपल्या भाषेत बोलायची मनाई नाही, पण मग त्या सहांपैकी एकीत भाषांतराची सोय तुम्हीच करायची. म्हणजे आपली भाषा वाचवा हे सांगायलाही बहुतेकांना आपल्या देशातल्या जुन्या सत्तेची भाषा घ्यावी लागते. पेरूचा केचुआ माणूस स्पॅनिशमध्ये बोलतो, सायबेरियातला नेनेट्स रशियनमध्ये.

आता खटपट्यांच्या फोटोबद्दल. खरं काम सभागृहात होत नाही. ते मधल्या सुट्टीत, कॉफीच्या रांगेत आणि लहान खोल्यांतल्या जोडबैठकांत होतं. एका टेबलाशी एक माओरी शिक्षिका आणि दक्षिण अमेरिकेतली एक मापुचे आदिवासी बाई बालवाडीच्या वेळापत्रकावर बोलत होत्या. सकाळी मुलं आली की पहिला अर्धा तास काय करता, घरी आईबापांना भाषा येत नसेल तर काय, हजेरी कुठल्या भाषेत. मी मध्ये बसून भाषांतर करत होते, जेवायचं राहून गेलं. त्या दिवशी सभागृहात झालेलं एकही भाषण मला आठवत नाही.

गोटीसोडा
"पूर्वज समजून घेतील" :-D

चष्मिष्ट
पायवाट यांना उदाहरण हवंय ना? जपानचे आयनू आदिवासी.

१९८० मध्ये जपाननं युनोच्या मानवाधिकार समितीला पहिला अहवाल दिला. त्यात लिहिलं होतं की त्याच कराराच्या २७व्या कलमात म्हटलेले अल्पसंख्याक आमच्याकडे नाहीत. संपला विषय. आयनू होक्काइडोत शेकडो वर्षं राहतायत, त्यांच्यासाठी म्हणून १८९९ चा एक कायदा तेव्हाही पुस्तकात होता (नाव संरक्षणाचं, काम त्यांना शेतकरी आणि जपानी करून टाकायचं), तरी ते नाहीतच. १९८६ मध्ये पंतप्रधान नाकासोने जपान एकजिनसी आहे म्हणाले आणि आयनू भडकले. पुढच्या वर्षापासून त्यांच्या संघटनेची माणसं जिनिव्हाच्या कार्यगटात दिसू लागली. जपानचा अहवाल आला की समितीत प्रश्न यायचे. १९९१ च्या अहवालात सरकारनं कबूल केलं, बरं, आयनू अल्पसंख्याक आहेत. १० डिसेंबर १९९२ ला आयनू नेते नोमुरा गिइची युनोच्या आमसभेत बोलले.

१९९४ मध्ये कायानो शिगेरू जपानच्या संसदेत गेलेले पहिले आयनू, आणि त्यांनी तिथे आयनू भाषेत प्रश्न विचारला! १९९७ मध्ये त्यांच्याच निबुतानी धरणाच्या खटल्यात साप्पोरोच्या न्यायालयानं आयनूंना मूळचे रहिवासी मानलं. (धरण तोवर बांधून झालं होतं, ते राहिलं. धरणं बरी राहतात प्रत्येक गोष्टीत.) त्याच वर्षी १८९९ चा कायदा रद्द. मग २००७ चा जाहीरनामा, जपानचं मत बाजूने. जुलै २००८ मध्ये जी-८ ची शिखर परिषद होक्काइडोतच होती. जगभरचे पत्रकार येणार म्हटल्यावर महिनाभर आधी, ६ जूनला, संसदेच्या दोन्ही सभागृहांनी एकमतानं आयनूंना आदिवासी मानणारा ठराव केला. २०१९ मध्ये कायद्यातही तसं आलं.

"आमच्याकडे नाहीतच" पासून "आहेत" पर्यंत यायला २८ वर्षं लागली, आणि यातली निम्मी पावलं बाहेरच्या नजरेच्या धाकानं पडली.

आडवातिडवा
चष्मिष्ट, तपशील मस्त. आता भाषेचं सांगा. आज आयनू घरात बोलणारे किती?

चष्मिष्ट
युनेस्कोच्या २००९ च्या यादीत आयनू अगदी शेवटच्या घटका मोजणाऱ्या भाषांत होती. घराघरात बोलली जाते असं आजही नाही. वर्ग आहेत, रेडिओ आहे, २०२० पासून मोठं राष्ट्रीय संग्रहालय आहे. नदीतल्या सॅमन माशांवरच्या हक्कासाठी मात्र एका आयनू गटाला त्याच वर्षी कोर्टात जावं लागलं. संस्कृती घ्या, मासे मागू नका, असा एकंदर मामला.

खटपट्या
म्हणजे संग्रहालय मिळालं. बोलणारे नाही मिळाले. मी काय वेगळं म्हणत होतो?

टेकडीपलीकडे
इथे आपल्या देशाचा विषय कुणीच काढेना म्हणून मी काढतो.

भारतानं २००७ मध्ये जाहीरनाम्याच्या बाजूने मत दिलं. सोबत भूमिका अशी की स्वातंत्र्याच्या वेळचे सगळेच भारतीय आणि त्यांचे वंशज इथले मूळचे. म्हणजे जाहीरनामा उत्तम, पण आमच्याकडे तो वेगळा कुणाला लागू होत नाही. चष्मिष्टांच्या १९८० च्या जपानची आठवण आली.

पण एक गोष्ट फार कुणाला ठाऊक नसते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा आदिवासींबद्दलचा १९५७ चा १०७ क्रमांकाचा करार भारतानं १९५८ मध्येच मान्य केलाय. १९८९ चा १६९ वा केला नाही (आशियात तो फक्त नेपाळनं केला), म्हणून जुना आजही आपल्यावर बंधनकारक आहे. करार तसा वडीलधाऱ्या थाटाचा, सगळ्यांना हळूहळू मुख्य प्रवाहात ओढायचं असं त्याचं धोरण. तरी त्याचं २३वं कलम सांगतं की मुलांना आधी मातृभाषेत लिहा-वाचायला शिकवा, ते शक्य नसेल तर त्या समाजात जास्त चालणाऱ्या भाषेत. सही करून साठाहून जास्त वर्षं झाली.

आता २०११ ची जनगणना बघा. भिली-भिलोडी मातृभाषा सांगणारे १ कोटी ४ लाख. गोंडी जवळपास ३० लाख. दोन्ही राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत, नाहीत. संस्कृत मातृभाषा सांगणारे २४,८२१, आणि ती अनुसूचीत पहिल्यापासून आहे. संस्कृतशी माझं वैर नाही, वाद तिकडे नेऊ नये ही विनंती. संथाली आणि बोडो २००३ मध्ये आत गेल्या. त्या जिनिव्हामुळे गेल्या नाहीत, तिथल्या लोकांच्या वर्षानुवर्षांच्या चळवळीमुळे गेल्या.

खटपट्या
टेकडीपलीकडे, शेवटची ओळ फ्रेम करून लावा.

टेकडीपलीकडे
थांबा, इतक्यात फ्रेम नको. नियमगिरी घ्या, ओडिशातला डोंगरिया कोंध आदिवासींचा डोंगर, जिथे वेदांता कंपनीला खाण हवी होती. २००७ मध्ये नॉर्वेच्या सरकारी पेन्शन फंडानं वेदांताचे शेअर विकून टाकले, २०१० मध्ये चर्च ऑफ इंग्लंडनं तेच केलं. लंडनच्या भागधारकांच्या सभेत डोंगरिया कोंधांचा प्रश्न विचारला जायला लागला. त्याच वर्षी केंद्रानं वनमंजुरी नाकारली. एप्रिल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, ग्रामसभांना विचारा. बारा ग्रामसभा झाल्या, बाराही "नाही" म्हणाल्या.

खटपट्या
आणि निर्णय कुणी केला? ग्रामसभांनी. कुठल्या कायद्यानं? २००६ च्या वनहक्क कायद्यानं. नॉर्वेच्या पेन्शनर आजोबांनी नाही.

टेकडीपलीकडे
अहो, पण २००७ ते २०१३ ही सहा वर्षं खाणकाम रेंगाळलं म्हणून त्या ग्रामसभा भरवायला डोंगर शिल्लक होता. वेळ कुणी मिळवून दिला? दोघांनी मिळून. तुम्हाला एकालाच हार घालायचा असतो.

कलमबहाद्दर
वकिलीच्या बाजूनं एक उदाहरण, कारण खटपट्यांना "बोलणं" आणि "दाद मागणं" यांतला फरक करायचा नाहीये.

कॅनडात कायदा असा होता की आदिवासी बाईनं बाहेरच्या पुरुषाशी लग्न केलं तर तिचा आदिवासी दर्जा गेला. पुरुषानं केलं तर काही नाही. सँड्रा लव्हलेस या मालिसीट बाईचा घटस्फोट झाला, ती टोबिकच्या आपल्या माणसांत परतली तर तिला तिथे राहण्याचा हक्क नाही. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं असल्याच एका खटल्यात बायकांच्या विरुद्ध निकाल दिलेला, म्हणजे घरची दारं बंद. तिनं १९७७ मध्ये युनोच्या मानवाधिकार समितीकडे तक्रार केली. १९८१ मध्ये समितीनं कॅनडाला दोषी धरलं, तेच २७वं कलम: आपल्या समाजाच्या इतरांसोबत आपली संस्कृती, आपली भाषा जगण्याचा हक्क. माणसांतूनच उठवलं तर भाषा बोलायची कुणाशी? १९८५ मध्ये कॅनडानं कायदा बदलला. हजारो बायका आणि त्यांची मुलं परत यादीत आली. पुढे ती बाई कॅनडाच्या सिनेटमध्ये बसली.

असाच निकाराग्वातला आवास तिंग्नी हा आदिवासी समाज. २००१ मध्ये आंतर-अमेरिकी न्यायालयानं त्यांची सामुदायिक जमीन मान्य केली, पट्टा हातात पडला डिसेंबर २००८ ला. उशीर झाला, पण पडला.

आडवातिडवा
आणि केनियातले ओगिएक आदिवासी? २०१७ मध्ये आफ्रिकी न्यायालयात जिंकले, २०२२ मध्ये भरपाईचा आदेश झाला, २०२३ च्या नोव्हेंबरात माऊ जंगलातून पुन्हा घरं पाडून हाकलले गेले. निकाल खिशात, माणूस रस्त्यावर.

निमूट
यात जिवाचा धोकाही असतो हे कुणी बोललं नाही अजून. होंडुरासच्या बेर्ता कासेरेस, लेंका समाजाच्या. आंतर-अमेरिकी आयोगानं सरकारला त्यांच्या संरक्षणाचे निर्देश दिले होते, २०१५ मध्ये त्यांना पर्यावरणाचा गोल्डमन पुरस्कार मिळाला, जगभर नाव झालं. मार्च २०१६ मध्ये राहत्या घरात खून. आणि फिलिपिन्समध्ये तर आदिवासी हक्कांवर युनोसाठी लक्ष ठेवणाऱ्या तेव्हाच्या विशेष प्रतिवेदक व्हिक्टोरिया ताउली-कोर्पुझ यांचंच नाव सरकारनं २०१८ मध्ये दहशतवाद्यांच्या यादीत घातलं होतं, नंतर कोर्टानं काढलं. जगाला नाव कळलं की माणूस सुरक्षित होतो असं धरून चालू नका. पायवाट, ज्यांना पाठवणार ते परत आल्यावर त्यांच्याशी कोण कसं वागेल याचा विचार तिकिटाच्या आधी करा.

पायवाट
निमूट, समाजाचं नाव इथे न लिहिण्यामागे तेच कारण आहे. सगळ्यांचे आभार, वाचतेय, लिहिते सावकाश.

गोटीसोडा
वातावरण फार गंभीर झालं. रच्याकने, देस्काहेंच्या पासपोर्टचा पुढचा अंक माहितेय का? २०१० मध्ये मँचेस्टरला लॅक्रॉसचा विश्वचषक होता. खेळ मुळात हौडेनोसॉनींचाच. त्यांचा संघ स्वतःचा पासपोर्ट घेऊन निघाला आणि ब्रिटननं व्हिसाच दिला नाही. ज्यांनी खेळ शोधला तेच बाहेर! २०२८ च्या ऑलिम्पिकमध्ये लॅक्रॉस परत येतोय आणि ते स्वतःच्या झेंड्याखाली खेळायला मागतायत. देस्काहेंना सभागृहात नाही तर निदान मैदानात तरी.

लिपीवेडा
अवांतर वाटेल, पण माझ्या मते हे सगळ्यात मुद्द्याचं आहे. आंतरराष्ट्रीय व्यासपीठ म्हटलं की सगळ्यांना युनोच आठवते. युनिकोड, म्हणजे संगणकात जगभरच्या लिप्यांच्या अक्षरांना जागा देणारी व्यवस्था, कुणाला का आठवत नाही?

तुमच्या लिपीला तिथे जागा नसेल तर फोनमध्ये तिचा कीबोर्ड नाही, शोध नाही, निरोप नाही. मुलं मग दुसऱ्या लिपीत किंवा दुसऱ्या भाषेतच लिहितात. रघुनाथ मुर्मूंनी संथालीची ओल चिकी लिपी १९२५ मध्ये घडवली, युनिकोडमध्ये ती २००८ ला आली, संथाली विकिपीडिया २०१८ ला उघडला. गोंडीच्या दोन लिप्यांपैकी मसराम गोंडी २०१७ मध्ये आली, गुंजाळा गोंडी २०१८ मध्ये. अमेरिकेतल्या आदिवासींची चेरोकी १९९९ मध्ये गेली आणि २०१० पासून आयफोनमध्ये आहे, कारण चेरोकी लोक स्वतः कंपनीच्या मागे लागले.

यासाठी विमानाचं तिकीट लागत नाही. प्रस्ताव लिहावा लागतो: अक्षरांचे नमुने, छापील पुरावे, कोण वापरतं, जोडाक्षरं कशी होतात. कंटाळवाणं काम आहे, फोटो निघत नाही, म्हणून खटपट्यांना आवडायला हरकत नाही. लिपी नसलेल्या भाषेनंही निदान आयएसओ ६३९ चा, म्हणजे भाषांच्या आंतरराष्ट्रीय यादीचा, तीन अक्षरी कोड आहे का, आणि असला तर तो शेजारच्या भाषेत मिसळून टाकलेला नाही ना, हे तपासावं. कोड नसेल तर संगणकाच्या लेखी भाषाच नाही.

खटपट्या
आवडलं. हे आवडलं.

पायवाट
लिपीवेडा, त्या समाजाच्या भाषेचा कोड आत्ताच शोधला. आहे, पण नाव शेजारच्या लोकांनी चिडवायला ठेवलेलं तेच नोंदलंय! ते बदलून मिळतं का?

लिपीवेडा
मिळतं. बदलाचा अर्ज करता येतो, वर्षभराच्या फेरीत त्यावर निर्णय होतो. समाजाचं पत्र जोडा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

कलमबहाद्दर
पायवाट, मूळ प्रश्नाकडे येतो. संस्थेतला वाद "वर्ग की जिनिव्हा" असा मांडलाय तोच मला पटत नाही, कारण जिनिव्हाचा खर्च संस्थेनं करायचं कारणच नाही. १९८५ पासून युनोचा एक ऐच्छिक निधी आहे, तो आदिवासी प्रतिनिधींच्या प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च देतो. सगळ्यांना मिळत नाही, पण अर्ज करायला पैसे पडत नाहीत. समाजाच्या संस्थेचं शिफारसपत्र लागतं. जुलैच्या त्या बैठकीला संस्थेकडे युनोची सल्लागार मान्यता असण्याची गरज नाही. तिथे डोसिप नावाची संस्था १९७८ पासून आदिवासी प्रतिनिधींना कागदपत्रं आणि दुभाषे यांची मदत करते.

आणि एक समजून घ्या, ती तज्ज्ञ यंत्रणा म्हणजे कोर्ट नाही. एखाद्या देशाविरुद्धचं गाऱ्हाणं ऐकून निवाडा करणं तिचं काम नाही, ती विषयवार अभ्यास करते आणि सल्ला देते. गाऱ्हाण्याला दुसऱ्या जागा आहेत. दर साडेचार-पाच वर्षांनी मानवाधिकार परिषदेत प्रत्येक देशाची झाडाझडती होते, तिथे मोजक्या पानांचं निवेदन घरबसल्या पाठवता येतं. टेकडीपलीकडे म्हणाले त्या १०७ व्या करारासाठी कामगार संघटनेमार्फत जाता येतं, आदिवासी संस्थेला थेट नाही. ओळखीची कामगार युनियन असेल तर तिला गाठा.

मुद्देसूद
कलमबहाद्दर यांना दुजोरा. फक्त लेखी निवेदनावर भागवू नका एवढंच म्हणेन. अनुवादिकांची ती बालवाडीवाली गोष्ट लेखी निवेदनातून घडत नाही.

अनुवादिका
दोघांना पाठवणार असाल तर त्यात एक जण वर्ग घेणारी शिक्षिका असू द्या. दोन्ही पुढारी नकोत. पुढारी सभागृहात बसतात, शिक्षिका कॉफीच्या रांगेत.

आडवातिडवा
मी अजूनही म्हणतो की माओरींनी आधी बालवाड्या काढल्या. पण निधीतून फुकट जाता येत असेल तर माझा विरोध मागे. फुकटाला विरोध करायची आपली संस्कृती नाही.

पायवाट
काल रात्री संस्थेची बैठक झाली, धागा मोठ्यानं वाचून दाखवला. ठरलं ते असं: वर्गांच्या पैशाला हात लावायचा नाही. निधीकडे दोन नावांचा अर्ज, त्यातली एक शिक्षिका (अनुवादिका, तुमचं वाक्य ऐकून एक पुढारी जरा फुगले होते). देशाच्या झाडाझडतीसाठी निवेदन तयार करायचं, ते आधी आपल्या भाषेत बोलून रेकॉर्ड करायचं आणि मग इंग्रजीत उतरवायचं. कोडच्या नावाचा अर्ज लगेच.

माझं मत मात्र फारसं बदललं नाही. चष्मिष्ट आणि कलमबहाद्दर यांची उदाहरणं खरी आहेत, पण दोन्हीकडे घरी आधीच कुणीतरी उभं होतं. या संस्थेकडे सध्या चार शिक्षिका आणि एक गळकं छप्पर आहे. छप्पर आधी होणार. :-)

मुद्देसूद
छपरासाठी वर्गणी काढणार असाल तर वेगळा धागा काढा, अ‍ॅडमिनची परवानगी घेऊन. मी आहे.

खटपट्या
मीपण आहे. आणि ते इंग्रजी निवेदन पाठवायच्या आधी व्यनिनं धाडा, काटछाट करून देतो. पहिल्या पानावर मागणी नसेल तर परत पाठवीन.